‘लाईट गेली बे!’: आमच्या हॉलमध्ये ‘कोर्ट’ दाखवला त्याची गोष्ट, आणि पुढचं भांडण

पडदा आणि बेडशीट (धागाकर्ता)

गेल्या रविवारी आम्ही चार-पाच जणांनी मिळून जुळे सोलापुरातल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये ‘कोर्ट’ दाखवला. प्रोजेक्टर भाड्याचा, स्पीकर भाचीचा. पडद्याला सोलापुरी चादर चालत नाही हे त्या दिवशी कळलं. माणसांच्या तोंडावर नक्षी उमटते. शेवटी साधी पांढरी बेडशीट ताणली. खुर्च्या ३४, माणसं २९.

पाहिला नसेल त्यांच्यासाठी: चैतन्य ताम्हाणेचा हा पहिला मोठा सिनेमा, २०१४ चा. नारायण कांबळे नावाचा पासष्टीचा लोकशाहीर मुंबईत पोरांच्या शिकवण्या घेतो आणि वस्त्यांमध्ये गाणी म्हणतो. गटार साफ करणारा एक कामगार चेंबरमध्ये मरतो. पोलीस म्हणतात, ह्या शाहिराचं गाणं ऐकून त्याने जीव दिला. झाला आत्महत्येला प्रवृत्त केल्याचा खटला. पुढे सगळ्या तारखा. कॅमेरा बहुतेक वेळ एका जागी ठाण मांडून, लांबून बघतो. पार्श्वसंगीत नाही, कोणी टेबलावर हात आपटत नाही. साक्षीदार आला नाही की पुढची तारीख.

व्हेनिसला दोन बक्षिसं, मग सुवर्णकमळ, २०१५ ला भारतातर्फे ऑस्करसाठी पाठवलेला. हे सगळं मी आधीच माईकवरून सांगितलं, ती चूक झाली. बक्षिसं ऐकली की माणसं परीक्षेला बसल्यासारखी ताठ बसतात.

आता मुद्दा. शेवटाकडे उन्हाळी सुट्टीआधीचं कामकाज संपतं. जामीन नाही. माणसं बाहेर पडतात, दारं-खिडक्या लागतात, दिवे बंद होतात, खोलीत काळोख. कॅमेरा तिथेच. पडदा पूर्ण काळा. आमच्या हॉलमध्ये मागून आवाज आला, ‘लाईट गेली बे!’ कोणीतरी ट्यूबलाईट लावली, खुर्च्या सरकल्या, चपला शोधल्या गेल्या. दोन-तीन जणांनी टाळ्याही वाजवल्या. १६ जण जिना उतरून गेले.

सिनेमा संपला नव्हता. त्यानंतर अजून एक आख्खा प्रसंग आहे, आणि तो १३ जणांनी पाहिला.

त्या रात्रीपासून आमच्या ग्रुपवर दोन पक्ष पडलेत. एक म्हणतो, असा सिनेमा आयुष्यात पाहिला नाही. दुसराही तेच म्हणतो, फक्त सूर वेगळा. म्हणून इथे टाकतोय. उठून गेलेल्यांनीही लिहावं, कोणी हसणार नाही.

कडक भाकरी

पहिलीच ओळ लिहितो: मी हसणार.

वाटणीचा दावा

‘लाईट गेली बे’ म्हणणारा मीच. नाव टाकलं नाही, उपकार झाले.

आता माझं ऐका. गावाकडच्या सव्वातीन एकराच्या वाटणीचा दावा वडिलांनी घातला, ते गेले, वारस म्हणून मी लागलो. चौदा वर्षं झाली. सकाळी साडेदहाला जायचं, बोर्डावर नंबर बघायचा, पुकारा होईपर्यंत व्हरांड्यात उभं राहायचं. समोरचा वकील मुदतीचा अर्ज टाकतो. कधी साहेब ट्रेनिंगला, कधी स्टेनो रजेवर. एकदा माझ्याच वकिलाच्या मेव्हण्याचं लग्न निघालं, त्याला मी आहेर पण केला. मला कोर्ट कसं असतं हे दोन तास बसवून दाखवायची गरज काय? रविवारी संध्याकाळी मी सोमवार बघायला आलो नव्हतो.

हे ज्याने कधी कोर्टाची पायरी चढली नाही त्याच्यासाठी काढलंय. त्याला वाटतं, अरे बापरे, काय हे वास्तव! माझ्या कंटाळ्याला तिकडं बक्षीस मिळतं आणि मला मिळते पुढची तारीख.

शेंगा चटणी

काका, पण तुम्ही हसत होता की! ती बाई स्लीव्हलेस घालून आली म्हणून जज तिची केसच ऐकत नाही, पुढची तारीख देऊन मोकळा होतो, तेव्हा हॉलमधला सगळ्यात मोठा आवाज तुमचा होता.

वाटणीचा दावा

हसलो. खोटं कशाला बोलू. वरची दोन बटणं उघडी होती म्हणून एका पोराला बाहेर काढलेलं मी डोळ्यानं बघितलंय, तेच आठवलं. पण दोन तासात चारदा हसायला आलं म्हणजे सिनेमा चांगला, असं असेल तर मग आमचा दावा पण चांगलाच चाललाय म्हणायचं.

बाल्कनी ५० रुपये

काकांशी सहमत, आणि थोडं पुढे जातो. मी शेवटपर्यंत बसलो होतो, तेव्हा मला कोणी ‘अर्धवट पाहून बोलतो’ म्हणायचं नाही.

ह्या जातीच्या सिनेमाची एक युक्ती असते. सगळं काढून टाकायचं. गाणं काढा, संगीत काढा, जवळून चेहरा दाखवणं काढा, शेवट काढा. मग जे उरेल त्याला संयत म्हणायचं. प्रेक्षकाला कंटाळा आला तर दोष प्रेक्षकाचा, त्याची तयारी नाही. हे म्हणजे पाणीदार ताक वाढायचं आणि वर सांगायचं की लस्सीच आहे, तुमची जीभ कच्ची. मला वाढणाऱ्याचा राग नाही, पिऊन ‘वा, काय दाट आहे’ म्हणणाऱ्यांचा आहे. रविवारी हॉलमध्ये किमान चार जण मोबाईल बघत होते आणि नंतर जिन्यात ‘लेयर्स’ बद्दल बोलत होते. मी मोजलेत.

आपल्या माणसाला गोष्ट लागते. सुरुवात, चढण, घाट, उतार. त्याला मागास म्हणायचं कारण नाही.

जेऊर लोकल

आपल्या माणसाला शांतता कळत नाही हे कोणी ठरवलं? ‘सैराट’चा शेवट आठवा. आमच्या करमाळ्याकडची माती, जेऊरच्या मंजुळे अण्णांचा सिनेमा. ‘झिंगाट’ला पडद्यासमोर नाचलेली पोरं तीच. शेवटी ते लेकरू रक्तात पाय भरलेलं दाराबाहेर चालत जातं, आणि आवाज पूर्ण बंद. संगीत नाही, रडणं नाही, काहीच नाही. कोणी ओरडलं का, साऊंड गेला बे? माझ्या शेजारचा माणूस पॉपकॉर्नचा हात तसाच तोंडापाशी धरून बसला होता. ती पण वजाबाकीच की. कळली की सगळ्यांना.

बाल्कनी ५० रुपये

माझाच मुद्दा मांडलात, धन्यवाद. ती शांतता कळली कारण आधी जवळजवळ तीन तास आर्ची-परश्याला आपल्या घरातली पोरं करून टाकलं होतं. आधी दिलं, मग काढून घेतलं. ‘कोर्ट’ आधी काही देतच नाही, तर काढून घेतल्याचं कळणार कसं? काळोख झाला तर माणसाला वाटणारच लाईट गेली.

जेऊर लोकल

हे मात्र बरोबर बोललात. विचार करून सांगतो.

(अजून विचारच चाललाय, दुसरा दिवस.)

विडी घरकुल

मी आईला घेऊन आले होते. मागून दुसरी रांग, हिरवी साडी, शेवटपर्यंत बसलेली. आमच्या घरात तेलुगू, आईला मराठी सगळं कळतं, बोलताना अडखळते. तिने आयुष्यभर विड्या वळल्या. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू, समोर टीव्ही. हाताकडे बघतसुद्धा नाही, हजार झाल्याशिवाय उठत नाही. तिच्यासमोर कोणी कॅमेरा लावला तर इथले अर्धे लोक म्हणतील काहीच घडत नाही. घडत असतं. संध्याकाळी कारखान्यात माल दिला की त्यातल्या किती बाजूला काढतील, ह्याची धाकधूक पहिल्या विडीपासून असते.

म्हणून तिला सिनेमा लांब वाटला नाही. ती सरकारी वकील बाईकडे बघत होती. कोर्टात गाइडमधून वाचावं तशी कलमं वाचते, आरोपीकडे बघत पण नाही. मग कॅमेरा तिच्या मागे मागे जातो. लोकलमध्ये बाईबरोबर साडीच्या, तेलाच्या गप्पा. पोराला घ्यायचं. घरी येऊन स्वयंपाक, सगळ्यांना वाढणं. तीच बाई सोबतच्यांशी बोलताना वैतागते की रोज तीच तोंडं बघून कंटाळा आला, एकदाची वीस वर्षं द्यावीत आणि मोकळं व्हावं.

रिक्षात आई म्हणाली, ‘ही घरी जाऊन परत चुलीपाशीच उभी, हिला वाईट कसं म्हणू? आणि म्हाताऱ्याला आत टाकायला निघाली, तर चांगली तरी कसं म्हणू?’ अशोक चौकापर्यंत एवढंच बोलली. मग म्हणाली, पनीर आणायचं राहिलं.

कॅमेरा जवळ गेला असता, वर करुण व्हायोलिन लावलं असतं, तर आईला आधीच कोणीतरी सांगून टाकलं असतं की हिला काय म्हणायचं.

बाल्कनी ५० रुपये

ताई, तुमच्या आईंच्या त्या दोन वाक्यांवर मी जास्त चांगला सिनेमा काढून दाखवेन.

विडी घरकुल

काढा की. आईचं मानधन विचारून सांगते.

डफ आणि तुणतुणं

मला ह्या संयतपणाचा राग एका वेगळ्याच कारणाने आला. आपण राम जोश्यांच्या गावचे. अमर शेख आपल्या बार्शीचे. शाहीर काय चीज असते हे आपल्याला सिनेमावाल्यांनी शिकवायचं नाही. शाहीर उभा राहिला की पुढच्या माणसाच्या बरगड्या हलल्या पाहिजेत. आणि इथे शाहिराच्या भूमिकेत वीरा साथीदारांसारखा माणूस, जो प्रत्यक्ष आयुष्यात चळवळीतला, संभाजी भगतांचं संगीत, आणि कॅमेरा कुठे? गर्दीच्या मागे, लांब! माणूस गातोय आणि आपण मंडपवाल्यासारखे कोपऱ्यातून बघतोय. गाणं रंगात आलेलं असताना पोलीस स्टेजवर येतात, आणि तेही त्याच लांबून. मला त्या क्षणी शाहिराच्या डोळ्यात बघायचं होतं. साथीदार २०२१ मध्ये कोविडने गेले. आता ते डोळे कुठून आणायचे?

पडदा आणि बेडशीट (धागाकर्ता)

हे वाचून थोडा वेळ काही लिहिता आलं नाही. तरी एक सांगतो. ते गाणं कापलेलं नाही. कडवी सलग ऐकायला मिळतात. मधेच रडणारी म्हातारी, मूठ आवळणारा तरुण असले तुकडे जोडलेले नाहीत. पुढे कोर्टात त्याच्या गाण्यातल्या ओळी कागदावरून सपाट आवाजात वाचल्या जातात, तेव्हा ते ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. कारण लांबून का होईना, चालीसकट ऐकलेलं असतं. चाल काढून घेतली की गाण्याचा पुरावा होतो.

डफ आणि तुणतुणं

असेल. तरी एकदा जवळ जायला काय हरकत होती.

कलम, पोटकलम

मला सिनेमातलं फार कळत नाही, पण मृत कामगाराच्या बायकोची साक्ष तांत्रिकदृष्ट्या अव्वल आहे. बचावाचा वकील साधे प्रश्न विचारतो आणि ती साधी उत्तरं देते. मास्क, हातमोजे काही मिळायचं नाही. वासामुळे आत उतरण्याआधी प्यायचा. गॅसने एक डोळा गेलेला. चेंबरमध्ये आधी खडा टाकायचा, झुरळं बाहेर आली तर समजायचं आत हवा आहे. एवढ्यात आत्महत्येची केस कोसळते, आणि बाईला कळतही नाही की आपण केस पाडली. ‘माय लॉर्ड!’ करून कोणी ओरडत नाही.

ज्यांना हे मुंबईचं काहीतरी वाटतं त्यांच्यासाठी: सुप्रीम कोर्टाने २७ मार्च २०१४ ला गटारात मेलेल्या कामगारांच्या वारसांना १० लाख द्यायला सांगितले. सिनेमा त्याच वर्षीचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच कोर्टाला ती रक्कम ३० लाख करावी लागली. म्हणजे मधल्या नऊ वर्षांत माणसं आत उतरतच होती. आमच्या गल्लीत ड्रेनेज तुंबलं की आपण काय करतो? फोन लावतो, आणि झाकण उघडलं की नाकाला रुमाल लावून आत जाऊन दार लावून घेतो. मी तरी तेच करतो.

सात रस्ता

मी उलटा प्रश्न विचारतो, आणि मी ह्या सिनेमाच्या बाजूचा आहे. कॅमेरा घरी कोणाकोणाच्या जातो ते बघा. बचाव वकिलाच्या मागे जातो: त्याची गाडी, सुपरमार्केटमधली खरेदी, आई-वडिलांबरोबर जेवण. सरकारी वकिलाच्या मागे जातो. शेवटी जजच्या मागे सुद्धा जातो. पण ती विधवा? वकील तिला गाडीतून सोडतो, पैसे देऊ करतो, ती म्हणते पैसे नकोत, काही काम असेल तर सांगा. गाडीतून उतरते आणि सिनेमातूनच जाते. तिचं घर आपण तिच्यासोबत बघतच नाही.

एवढा प्रामाणिक कॅमेरा तीन काळ्या कोटवाल्यांच्या घरी जेवला आणि तिच्या दारात चहालाही थांबला नाही, हे मला टोचतं. संयत म्हणून सोडून देऊ का?

शेंगा चटणी

शाहिराच्या खोलीत जातो की. पहिलाच प्रसंग, पोरांना शिकवतोय.

सात रस्ता

तो जातो, मान्य. माझं बाईबद्दलचं उत्तर द्या.

पडदा आणि बेडशीट (धागाकर्ता)

माझ्याकडे उत्तर नाही. मी म्हणू शकतो की कोर्टालाही ती साक्षीपुरतीच हवी होती, म्हणून सिनेमानेही तिला तेवढंच ठेवलं. पण असं म्हटलं की दिग्दर्शकाची प्रत्येक उणीव आपण त्याच्या खात्यावर जमा म्हणून लिहितोय असं वाटायला लागतं. बाल्कनीवाले साहेब ह्यालाच ताक म्हणत असावेत.

बाल्कनी ५० रुपये

साहेब म्हणालात म्हणून आज सोडतो.

कडक भाकरी

एक व्यावहारिक प्रश्न. त्या १६ जणांना शेवट कोणी सांगितला का? कारण इथे अर्धे लोक काळोखात संपलेल्या सिनेमावर बोलतायत आणि अर्धे पुढच्यावर. दोन वेगळ्या सिनेमांवर भांडण चाललंय. परवा पार्क चौकात चहा पिताना दोघं जण हातघाईवर आले होते. एक म्हणतो सिनेमा निराशेत संपतो, दुसरा म्हणतो थोबाडीत संपतो. पहिल्याला वाटलं ह्याला आपल्या थोबाडीत मारायची आहे.

वाटणीचा दावा

थोबाडीत? कोणाच्या?

विडी घरकुल

काका, सांगणार नाही. तुम्हीच बघा. शेवटची थोडी मिनिटं आहेत.

हातमाग

मी कामावरून उशिरा आलो आणि नेमका शेवटच बघितला. आधीचं काही माहीत नव्हतं. एक कुटुंबवत्सल माणूस सगळ्यांबरोबर सहलीला आलाय, भला दिसतो, असं वाटलं. नंतर मित्राने सांगितलं, तो जज आहे. मग घरी जाऊन पहिल्यापासून बघितला. असाच बघा, मजा येते. शिफारस नाही, अनुभव सांगतोय.

वाटणीचा दावा

नातवाने मोबाईलवर लावून दिला. बघितला.

तर, जज साहेब सुट्टीला रिसॉर्टवर. घरची, नात्यातली, शेजारपाजारची मंडळी. कोणाचा तरी पोरगा बोलत नाही, तर साहेब सल्ला देतात: अंकशास्त्रवाला गाठा, अंगठीत खडा घाला. तिकडं कोर्टात कागद, पुरावा, कलम, आणि इकडं खडा. मग दुपारी बागेत बाकड्यावर बसल्या बसल्या डुलकी लागते. पोरं येतात, एकदम ओरडतात, पळतात. साहेब दचकून उठतात, हाताला लागलेल्या एकाच्या थोबाडीत देतात. पोरगं रडतं. साहेब परत झोपतात. खलास.

शाहीर सुटला का आतच राहिला, पत्ता नाही.

माझं मत बदललेलं नाही. ज्याच्या नशिबी तारखा आहेत त्याने पैसे देऊन हे बघू नये. बाल्कनीवाल्याचं ताक मला पटतं. पण एक भानगड झाली. सुट्टी लागली की आम्ही गावाकडं जातो, त्या सव्वातीन एकराच्या बांधावर उभं राहतो, चुलतभाऊ पलीकडच्या बांधावर उभा राहतो, कोणी बोलत नाही. चौदा वर्षांत साहेब सुट्टीत कुठं जातात हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. आता सोमवारी तारीख आहे. साहेब वर बसलेले असणार आणि मला बाकडं दिसणार. हसू आलं तर बाहेर काढतील. ह्याचं नुकसान कोणी भरून द्यायचं ते धागाकर्त्याने सांगावं.

पडदा आणि बेडशीट (धागाकर्ता)

काका, मी येतो सोबत. भाकरी-चटणीचा डबा घेऊन. किती वाजता?

वाटणीचा दावा

साडेदहाला ये. पुकारा कधी होईल ते माझ्या हातात नाही. आणि वरचं बटण लाव.